शिसं, तेवीस किलो

माझ्या कपाटात एक चिठ्ठी आहे. भंगारवाल्याच्या वहीतून फाडलेलं अर्धं पान, त्यावर निळ्या बॉलपेननं लिहिलंय, ‘शिसं २३ किलो, ६० नं, १३८०’. तारीख ११ एप्रिल २०१०. त्या तेवीस किलोंत शिसं जवळजवळ नव्हतंच. बहुतेक वजन युरेनियमचं होतं. ते वाघोलीतल्या एका भंगाराच्या दुकानात चार आठवडे पडून होतं, आणि तिथं गेलं ते माझ्यामुळे.

मी बावीस वर्षं वेल्डिंगच्या जोडांचे फोटो काढायचं काम केलं. धंद्यात त्याला रेडिओग्राफी म्हणतात. बॉयलरचा किंवा पाइपलाइनचा जोड बाहेरून चकचकीत दिसतो. आत पोकळी राहिली असेल, बारीक भेग असेल, तर ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जोडाच्या एका बाजूला फिल्म लावायची, दुसऱ्या बाजूला इरिडियम-१९२ चा सोर्स, म्हणजे किरण देणारा तुकडा, आणायचा, ठरलेला वेळ थांबायचं आणि सोर्स परत आत ओढायचा. कामं बहुधा रात्री, कारखान्यातली माणसं घरी गेल्यावर. सणसवाडी, रांजणगाव, चाकण, भोसरी. चारी बाजूंनी दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा, हातात किरण मोजायचा सर्व्हे मीटर, छातीवर अंगावर पडलेली मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज. या कामाचं शिक्षण तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभ्यासक्रमातून घ्यावं लागायचं. ते मी घेतलं होतं आणि पुढे परीक्षा देऊन आरएसओ, म्हणजे किरणोत्सार सुरक्षा अधिकारी, झालो होतो. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की पुढे जे घडलं ते अज्ञानातून घडलं असं मला म्हणता येत नाही.

सोर्स ज्या पेटीत राहतो तिला आम्ही कॅमेरा म्हणतो. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी ती वस्तू, वर धरायला मूठ. नवीन माणूस ती एका हातानं उचलायला जातो आणि खांद्यातून हिसका बसतो, कारण वजन तेवीस किलो. आतलं आवरण डिप्लिटेड युरेनियमचं असतं. शिशाची घनता ११ च्या आसपास, युरेनियमची १९. त्यामुळे थोड्या जागेत जास्त किरण अडतात. त्या आवरणातून नागमोडी नळी गेलेली असते आणि नळीच्या मध्यावर सोर्स बसलेला असतो. इरिडियमच्या चकत्या दोन-तीन मिलिमीटरच्या, त्या पोलादी कुपीत बंद, आणि कुपी वीतभर लवचिक तारेच्या टोकाला. या तारेला आम्ही पिगटेल म्हणतो. दिसायला ती छान असते, चकाकते, वळते. लहान मूल तासभर खेळेल अशी.

२००४ साली मी आणि एका मित्रानं भागीदारीत स्वतःचं काम सुरू केलं. वाघोलीत बकोरी फाट्याच्या आत एका शेतकऱ्याच्या जागेवर पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. वाघोली तेव्हा ग्रामपंचायत होती, पुणे महापालिकेत आली ती २०२१ साली. दगडाच्या खाणी, क्रशर, नगर रोडवर रात्रंदिवस डंपर, आणि कशावरही बोट फिरवलं तर पांढरी धूळ. जमीनमालकांना आम्ही आप्पा म्हणायचो. शेडच्या कोपऱ्यात काँक्रीटचा खड्डा केला, त्यावर शिशाच्या थराचं झाकण, झाकणाला कुलूप, खोलीला वेगळं कुलूप, दारावर किरणोत्साराच्या खुणेची पिवळी पाटी. रीतसर परवानगी घेतली. सुरुवातीची चार वर्षं खड्ड्याची वही माझ्या हातची आहे आणि तिच्यात एकही दिवस कोरा नाही.

एप्रिल २००८ मध्ये शेवटचा नवा सोर्स आला, ३५ क्युरीचा. इरिडियमचं अर्धायुष्य ७४ दिवस. दर अडीच महिन्यांनी ताकद निम्मी होते, म्हणजे जो शॉट पाच मिनिटांत व्हायचा त्याला दहा लागतात, मग वीस. त्याच वर्षाच्या अखेरीस मंदी आली. सणसवाडीकडच्या दोन मोठ्या ऑर्डरी रद्द झाल्या. फेब्रुवारी २००९ मध्ये आम्ही शेवटचं काम केलं. एकेका शॉटला तासाच्या वर लागत होता. पोरं कंटाळून म्हणाली, ‘सर, सोर्स मेला.’ आमच्याकडे असंच बोलतात, सोर्स मेला. नवीन मागवायला पैसे नव्हते. मार्चमध्ये भागीदार नोकरीसाठी मस्कतला गेला. पोरांना मी दुसरीकडे लावून दिलं. कॅमेरा खड्ड्यात ठेवला, दोन्ही कुलपं लावली आणि घरी आलो.

इथपर्यंत माझं काही चुकलेलं नव्हतं. चुका पुढच्या तेरा महिन्यांत झाल्या. यातली एकही चूक एका झटक्यात झाली नाही.

वापरात नसलेला सोर्स पुरवठादाराकडे किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी परत पाठवायचा असतो. १९८७ चे किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम आहेत, २००४ चे किरणोत्सार संरक्षणाचे नियम आहेत, दोन्ही माझ्या फायलीत होते. अणुऊर्जा नियामक मंडळाकडे अर्ज करायचा, मंजुरी आली की ठरलेल्या पेटीत, लेबलं लावून, कागदपत्रांसह, प्रशिक्षित माणूस बरोबर देऊन गाडीनं नवी मुंबईला न्यायचं. अंतर दीडशे किलोमीटर. अर्ज मी भरलासुद्धा. सहीपर्यंत आलो आणि थांबलो. वाहतुकीचा खर्च होता, पण खरं कारण तो नव्हता. कॅमेरा परत पाठवला की धंदा संपला हे कबूल करावं लागणार होतं. दिवाळीनंतर बाजार सुधारेल, मग याच कॅमेऱ्यात नवा सोर्स भरू, अशी आशा मी धरून होतो. अर्ज ड्रॉवरमध्ये गेला.

शेडचं भाडं थकलं. दोन महिने, चार, सात. आप्पांचे फोन येत. पहिल्यांदा उचलले, मुदत मागितली. नंतर उचलायचं सोडलं. आणि वाघोलीला जाणंही सोडलं, कारण शेडकडे जायचा रस्ता आप्पांच्या अंगणातून होता. त्यांची समोरासमोर भेट टाळायची म्हणून मी युरेनियमच्या पेटीकडे पाहायला जात नव्हतो. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली.

जानेवारी २०१० मध्ये सोर्सचा अहवाल पाठवायची मुदत आली. ती सकाळ मला नीट आठवते. खराडीच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कागद पसरले होते. समोर बायको मटार सोलत होती आणि मधूनमधून एखादा दाणा माझ्या कागदावर येऊन पडत होता. सोर्सचा क्रमांक लिहिला. आजची ताकद गणित करून लिहिली, ते गणित बरोबर होतं. मग रकाना आला, सोर्स कुठे आहे आणि कोणत्या स्थितीत. मी लिहिलं, ‘खड्ड्यात, कुलूपबंद, प्रत्यक्ष तपासला.’ प्रत्यक्ष तपासून पाच महिने झाले होते. घरापासून शेड गाडीनं अर्ध्या तासावर होती. लिहिताना हात थांबला, हे आठवतं. मनात आलं, कुलूप आहे, काँक्रीट आहे, जाणार कुठे? आणि तसाही सोर्स मेलेला आहे. मी सही केली. बायकोनं विचारलं, ‘झालं का काम?’ मी म्हणालो, झालं.

‘मेलेला’ या शब्दाचं जरा सांगायला हवं, कारण त्यानंच मला फसवलं, आणि फसवून घेणारा माणूस परीक्षा पास झालेला होता. एप्रिल २००८ ते एप्रिल २०१० म्हणजे जवळजवळ दहा अर्धायुष्यं. ३५ क्युरीचे झाले असतील ३७-३८ मिलिक्युरी, हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. कामाच्या दृष्टीनं शून्य, त्यातून फिल्म निघत नाही. पण तीच कुपी उघडी, कुणाच्या खिशात, मांडीला लागून दोन-तीन तास राहिली तर कातडी भाजते, आणि ते भाजणं लगेच कळत नाही, काही दिवसांनी वर येतं. तिच्यापासून कुणाला फोटो काढता येत नाही म्हणून आम्ही तिला मेली म्हणत होतो. आणि आवरणातलं युरेनियम तर इरिडियमच्या हिशोबातच नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं. बंद पेटीत ते फारसं त्रास देत नाही, मात्र त्यावर गॅस कटर चालवला तर ते जळतं आणि ऑक्साइडचा धूर होतो. तो छातीत गेला की बाहेर काढता येत नाही.

यातलं सगळं मला सही करतानाही ठाऊक होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दिल्लीतल्या मायापुरीची बातमी आली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं यंत्र, कोबाल्ट-६० चं, साठच्या दशकाच्या अखेरीस कॅनडातून आणलेलं, १९८५ पासून वापरात नव्हतं. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठानं ते लिलावात भंगारात काढलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडलं गेलं. एकानं त्यातला तुकडा पाकिटात ठेवला. सात जण रुग्णालयात गेले, त्यातला एक कामगार त्याच महिन्यात वारला. पहिली बातमी मी शनिवारी, १० तारखेला, चहा घेताना वाचली. तेव्हा विद्यापीठाचं किंवा मृत्यूचं काही नव्हतं, फक्त हात काळे पडलेल्या माणसांचं होतं. आधी मला रागच आला. कुणाची तरी अशी वस्तू भंगारात जाते, आणि एकदाही त्याला वाटलं नाही जाऊन बघावं?

तो राग मनात असतानाच मला माझी शेड आठवली.

दीड वर्षापूर्वी, २००८ च्या ऑक्टोबरात, फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं होतं. ती बटणं जोडणाऱ्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना सामान्य माणसासाठीच्या मर्यादेपेक्षा जास्त मात्रा मिळाली होती. पोलाद भारतातून गेलेलं, आणि माग लागला तो आपल्या खोपोलीतल्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत. भंगारातून कुणाचा तरी सोर्स भट्टीत गेला होता. तेव्हा चहाच्या टपरीवर आम्ही रेडिओग्राफीवाले यावर तास तास बोललो होतो. मी म्हणालो होतो, भंगारवाल्यांना अक्कल नाही. माझ्याबरोबर असलेल्या एका पोरानं विचारलं होतं, ‘सर, पण भंगारवाल्यापर्यंत सोर्स कुणी नेला?’ मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा काहीच दिलं नाही.

शनिवारी दुपारी वाघोलीला पोहोचलो. शेडच्या दारात प्लायवूडचा टेम्पो उभा होता आणि आत दोन माणसं माल रचत होती. कोपऱ्यातल्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या. फळ्या सरकवल्या तर खड्डा रिकामा. झाकणही नव्हतं. शिशाचं होतं, आधी तेच गेलं असणार.

आप्पांचा मुलगा म्हणाला, ‘काका, पाडव्याला नवीन भाडेकरू यायचे होते. आम्ही किती फोन केले तुम्हाला. शेवटी कटरनं कुलपं तोडली आणि सामान भंगारात घातलं. दोन हजार आले, ते भाड्यात धरलेत.’ त्यानं वहीत तशी नोंद केलेली दाखवली. मी विचारलं, दारावर पाटी होती ना? तो म्हणाला, ‘ती पंख्याची? ती पण दिली.’

तीन पाकळ्यांची ती खूण जगभर वापरतात आणि ज्याला सांगितलेलं नाही त्याला तिचा अर्थ लागत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं हे वेगवेगळ्या देशांत लोकांना विचारून पाहिलं होतं, आणि म्हणूनच २००७ साली मोठ्या सोर्ससाठी कवटी आणि पळणारा माणूस असलेली नवी लाल खूण आणली. माझी पाटी इंग्रजीत होती, वर तीन पाकळ्या. पाचेक वर्षं त्या घराच्या अंगणातून ये-जा करताना मी कुणालाही, आप्पांनाही, सांगितलं नव्हतं की खड्ड्यात काय असतं. विचारलं तर म्हणायचो, मशीन आहे. सांगितलं तर जागा सोडायला लावतील, अशी भीती होती.

त्या क्षणी मी मुंबईला, नियामक मंडळाला, फोन करायला हवा होता. नंबर पाठ होता. सोर्स हरवला तर ताबडतोब कळवायचं, हे आरएसओच्या कामाचं पहिलं कलम. मी फोन खिशात ठेवला आणि मुलाला विचारलं, भंगार कुणाला दिलं?

केसनंदच्या रस्त्याला एक दुकान होतं, पत्र्याच्या कुंपणाचं. शनिवारी संध्याकाळी ते बंद. रविवारी दिवसभर खेपा घातल्या, दुपारी चारला उघडं सापडलं. दुकानदार परभणीकडचा, तिशीचा, कुटुंब तिथंच मागच्या खोलीत राहायचं. आत शिरलो आणि मला कॅमेरा दिसला. काट्याशेजारी जमिनीवर होता आणि एक पोरगा त्याच्यावर वाकडी सळई ठेवून हातोड्यानं सरळ करत होता. त्यांनी त्याची ऐरण केली होती. जड, हलत नाही, सळई मारायला उत्तम. मूठ उपटलेली, मागची कुलपाची पट्टी ठोकून चेपलेली. तिथून दहा फुटांवर दोन खांबांना साडीची झोळी बांधली होती आणि तिच्यात मूल झोपलं होतं.

मी म्हणालो, हे मशीन माझं आहे, चुकून आलं, विकत घेतो. दुकानदार म्हणाला, ‘शिसं दिसतंय साहेब आत. तोडणारच होतो. सिलिंडर संपलाय, उद्या यायचाय.’ त्यानं वजन केलं, चिठ्ठी लिहिली. मी दीड हजार दिले, बाकीचे राहू दे म्हणालो. पोरानं कॅमेरा उचलून माझ्या गाडीच्या डिकीत ठेवला. त्या उघड्या दंडाकडे आणि तेवीस किलोंकडे मी बघत उभा राहिलो. त्या माणसांना मी एक शब्दही सांगितला नाही.

माझा बेत सरळ होता. कॅमेरा परत मिळाला, सोमवारी तो ड्रॉवरमधला अर्ज पाठवू, कुणाला काही कळणार नाही. नगर रोडवरून, रविवारच्या गर्दीतून, बिनापरवाना, बिनापेटीचा मी तो घरी घेऊन आलो. गाडी इमारतीच्या पार्किंगमध्ये लावली. डोक्यावर पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची झोपायची खोली होती.

रात्री एकला टॉर्च घेऊन खाली गेलो. सोर्स आत असेल तर कुलपाच्या भोकातून पिगटेलचं टोक दिसतं. पण पट्टी इतकी चेपली होती की काही दिसेना. पिगटेल आत आहे की चार आठवड्यांत कुणी ओढून काढलंय, मला कळेना. सोमवारी भोसरीच्या एका मित्राकडून मीटर मागून आणला, कारण माझ्या मीटरचं कॅलिब्रेशन संपलं होतं आणि आतले सेल फुटून गंज चढला होता. मीटर लावला, काटा थोडा हलला. तो तर हलणारच होता, आवरणातलं युरेनियम स्वतःच थोडे किरण देतं. आत सोर्स असला तरी काटा एवढाच, नसला तरी जवळजवळ एवढाच. बावीस वर्षं मीटर वाचून अन्न खाल्लं होतं, आणि त्या आकड्यावरून काहीच कळत नव्हतं.

मंगळवारी मीटर पिशवीत घालून परत दुकानात गेलो. काहीतरी सुटा भाग राहिलाय असं सांगून तासभर फिरलो. लोखंडाचा ढीग, तांब्याच्या तारांचं पोतं, मागची खोली, झोळी. कुठेही काही लागलं नाही. उघडी कुपी त्या आवारात असती तर दहा पावलांवरून काटा उडाला असता. म्हणजे ती तिथं नव्हती. पण दुकानदार सहज बोलून गेला की मार्चमध्ये दोन ट्रक माल गेला, एक भोसरीला, एक जालन्याला. जालन्याला भट्ट्या आहेत.

खोपोली आठवून त्या रात्री मी जेवलो नाही. बुधवारी सकाळी साडेसातला मुंबईला फोन केला. हरवल्याचं कळल्यापासून चौथा दिवस होता.

मंडळाचे अधिकारी संध्याकाळी आले, दोघं जण. आवाज चढवला नाही, हे मला जास्त जड गेलं. एकाकडे किरण कोणत्या पदार्थाचे आहेत ते वेगळं ओळखणारं यंत्र होतं. खराडीच्या पार्किंगमध्ये कॅमेऱ्यावर ते वीसेक मिनिटं धरून बसले आणि म्हणाले, ‘इरिडियम आत आहे.’ पुढे नेऊन उघडल्यावर तेच निघालं, पिगटेल जागेवर, कुपी शाबूत. मी पायऱ्यांवर बसलो. मग दुसऱ्यानं विचारलं, ‘त्या दुकानातल्या लोकांना सांगितलंय तुम्ही?’

रात्री आठला आम्ही तिघं केसनंद रस्त्याला गेलो. सांगायचं काम मी करायचं, असं त्यांनी ठरवलं आणि ते योग्य होतं. कंदील लावल्यासारखा पिवळा बल्ब, दुकानदार खाटेवर, बायको मुलाला मांडीवर घेऊन. मी सांगितलं, ते शिसं नव्हतं, युरेनियम होतं, आत किरणोत्सारी वस्तू होती, बाहेर पडली नाही, तुम्हाला धोका पोचलेला नाही असं हे साहेब तपासून सांगताहेत. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, ‘तुम्ही इतवारी आलात तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?’

मी हो म्हणालो.

‘आणि मंगळवारी? माझ्या लेकराच्या झोळीपाशी मशीन फिरवत होतात, तेव्हा?’

अधिकारी खाली बघत होते. मी पुन्हा हो म्हणालो, ताई, चुकलो म्हणालो. ती काही बोलली नाही, मुलाला घेऊन आत गेली.

आवार दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, गेलेल्या ट्रकांचा मालही तपासला, सगळं स्वच्छ निघालं. त्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, ठीक आल्या. पण रस्त्यावर बातमी पसरली होती. त्या दुकानात कुणी भंगार आणेना, त्यांच्याकडून कुणी घेईना. ती बाई गावच्या नळावर पाणी भरायला गेली की बायका बाजूला सरकायच्या. अडीच महिन्यांत त्यांनी दुकान सोडलं आणि लोणीकंदच्या पुढे गेले. ती तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होती, हे मला नंतर कळलं. मूल होईपर्यंतचे सात महिने तिनं कसे काढले असतील याचा विचार मी बऱ्याच रात्री केलाय. मूल धडधाकट झालं. माझ्या ‘धोका नाही’ या शब्दावर तिनं विश्वास ठेवावा असं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

माझी आरएसओची मान्यता गेली, कंपनीचा परवाना गेला. दोन्ही जायलाच हवे होते. भागीदारानं मस्कतहून फोन करून एवढंच विचारलं, ‘अर्ज भरलाय असं तू मला सांगितलं होतंस ना?’ त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. मी आता अल्ट्रासॉनिकची कामं घेतो, त्यात सोर्स लागत नाही.

नंतरच्या काळात मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. आपल्याकडे तारापूरला १९८५ पासून अणुइंधनाच्या प्रक्रियेतला सर्वांत तीव्र कचरा काचेत मुरवून घट्ट करतात, २००२ पासून ट्रॉम्बेलाही करतात. काचेचे ते डबे पोलादात बंद करून तारापूरला देखरेखीखाली ठेवतात. ते आपोआप तापत राहतात, म्हणून हवेच्या नैसर्गिक प्रवाहानं थंड ठेवावे लागतात. अशी देखरेख पिढ्यान्पिढ्या करायची आहे. कायमचं पुरायचं तर खोल खडकात, म्हणून कोलारच्या सोन्याच्या खाणीत आपल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. फिनलंडनं ओल्किलुओतोला चारशे मीटरहून खोल बोगदे खणलेत. तिथली माणसं लाखभर वर्षांचा विचार करतात, पुढे भाषा बदलली तरी लोकांना खूण कशी कळेल यावर वाद घालतात. हे वाचताना मला प्रत्येक वेळी आप्पांचा मुलगा आणि त्याची पंख्याची पाटी आठवते. काच, पोलाद, खडक यांचं शास्त्र मोठं आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण त्या डब्यांची नोंद ठेवणारा, जाऊन बघणारा, रकान्यात लिहिणारा शेवटी माणूसच आहे, आणि त्याच्याही घरी एखादं भाडं थकलेलं असू शकतं. माझ्या वाट्याला एकच खड्डा होता, अर्ध्या तासावरचा, आणि दोन वर्षं सांभाळायचा होता.

मायापुरीनंतर बरंच सुधारलं. आता सोर्सची नोंद नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर असते, कुठला सोर्स कुणाकडे आहे हे मुंबईत बसून दिसतं. चांगलं आहे. मात्र तिथंही कुणीतरी घरी बसून ‘प्रत्यक्ष तपासला’ या चौकटीवर बोट दाबू शकतो, आणि ते बोट कोणत्या सकाळी, कशानं थकलेलं असतं, हे मी ओळखतो. ओळखीच्या आरएसओ पोरांना भेटलो की मी विचारतो, खड्डा शेवटचा कधी उघडलास? काही चिडतात. चिडू देत.

आप्पा २०१४ साली गेले. थकलेलं भाडं मी त्यांच्या हयातीत फेडलं होतं. त्यांच्या जागेवर आता बारा मजली इमारत आहे. खड्डा फोडण्याआधी रीतसर तपासणी होऊन जागा मोकळी असल्याचा कागद मिळाला होता, त्याची एक प्रत मी बिल्डरच्या माणसाला नेऊन दिली. त्यानं न वाचता फायलीत घातली. दुसरी प्रत माझ्याकडे आहे, त्या चिठ्ठीच्या खाली.

लोणीकंदला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा, २०१६ च्या सुमारास, दुकानदार भेटला, त्यानं चहा दिला. मुलं शाळेत गेली होती. काट्याशेजारी भिंतीवर त्यानं खडूनं तीन पाकळ्यांची खूण काढून ठेवली होती आणि खाली मराठीत लिहिलं होतं, ‘हे चित्र असलेला माल घेऊ नये, आणणाऱ्याला बसवून ठेवावं.’ मी विचारलं, हे कुणी लिहिलं? तो म्हणाला, ‘हिनं.’